विश्लेषण: गाडी स्वतःची, स्टिअरिंगही स्वतःचं, १० गुणांनी नॅसकार जिंकणारा इंजिनीअर अ‍ॅलन कुलविकी कोण होता?

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ट्रकवाल्यांचे दोन प्रकार भेटतात. एक पगारी ड्रायव्हर, दुसरा मालक-चालक. पगारी ड्रायव्हरची गाडी घाटात बंद पडली की तो मालकाला फोन लावतो. मालक-चालकाला फोन लावायला कोणी नसतं. हप्ता त्याचा, टायर त्याचे, डिझेल त्याचं आणि रात्रीची झोपही त्याचीच जाते.

मोटर रेसिंगच्या जगातही हेच दोन प्रकार आहेत. टीव्हीवर दिसणारे बहुतेक रेसर दुसऱ्याची गाडी चालवतात. गाडी कंपनीची किंवा टीम मालकाची, रेसरला करारानुसार मानधन. पण अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगमध्ये एक माणूस असा होऊन गेला, ज्याने स्वतःच्या पैशांनी गाडी उभी केली, ती स्वतःच चालवली, सुरुवातीला तिचे नटबोल्टही स्वतःच आवळले, आणि १९९२ मध्ये देशातली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली. पुढच्या साडेचार महिन्यांत तो या जगात नव्हता.

त्याचं नाव अ‍ॅलन कुलविकी. शिक्षण मेकॅनिकल इंजिनीअरिंग. दर वर्षी १ एप्रिलला, त्याच्या स्मृतिदिनी, रेसिंगच्या चाहत्यांमध्ये त्याची आठवण निघते. भोसरी, तळवडे, चाकणमध्ये नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकण्याचा विचार ज्यांनी एकदा तरी केला आहे, त्यांना त्याची गोष्ट परकी वाटणार नाही.

आधी हे समजून घ्या: स्टॉक कार म्हणजे काय?

एमआयडीसीत 'स्टॉक' म्हटलं की गोडाऊनमधला माल आठवतो. इथे अर्थ वेगळा आहे. शोरूममध्ये कोणालाही विकत मिळते तशी गाडी, म्हणजे स्टॉक कार. १९४८ मध्ये 'नॅसकार' ही संस्था स्थापन झाली, तेव्हा रस्त्यावरच्या गाड्याच ट्रॅकवर पळायच्या. पुढे वेग वाढला, सुरक्षेचे प्रश्न आले आणि आतलं सगळं बदललं. पाइप वेल्ड करून केलेली चासी, खास बांधलेलं व्ही-८ इंजिन, वरून मात्र नेहमीच्या मोटारीसारखी दिसणारी बॉडी. १९९२ मध्ये कुलविकीची गाडी दिसायला फोर्ड थंडरबर्ड होती, पण दुकानातल्या थंडरबर्डशी तिचं नातं चेहऱ्यापुरतंच.

आपल्याकडे याच्या सगळ्यांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे २०१० मध्ये सुरू झालेला पोलो कप. चाकणच्या प्लान्टमध्ये बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोच्या मॉडेलवर आधारित गाड्या त्यात पळाल्या. ट्रकचीही शर्यत आपल्याकडे झाली. २३ मार्च २०१४ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर टाटा मोटर्सने 'टी-वन प्रिमा' ट्रक शर्यत भरवली. सुरुवातीला चालक परदेशातून आणले होते, २०१६ पासून आपल्या हायवेवरच्या ट्रक ड्रायव्हरांनाही प्रशिक्षण देऊन उतरवलं. पण या दोन्हींत गाड्या कंपनीच्या होत्या. चालकाने स्वतःची टीम काढायची, हा प्रकार आपल्याकडे बघायचा तर बैलगाडा शर्यतीच्या घाटातच बघावा लागतो. तिथे गाडामालकाच्या नावाचा पुकारा होतो आणि बारी फसली तर मान खालीही त्याचीच जाते.

इंजिन बांधणाऱ्याचा मुलगा

कुलविकीचा जन्म १४ डिसेंबर १९५४ चा. अमेरिकेच्या उत्तरेकडे विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी नावाचं कारखान्यांचं शहर आहे, त्याला लागून असलेल्या ग्रीनफिल्डमध्ये तो वाढला. घराणं पोलंडमधून आलेल्या स्थलांतरितांचं, कॅथलिक. वडील रेसिंगच्या गाड्यांची इंजिनं बांधायचे. त्या कामात ते सतत बाहेरगावी असत.

बालपण सोपं नव्हतं. आई लवकर गेली. मुलं आजीकडे आली. तो सातवीत असताना आजीही गेली आणि त्यानंतर वर्षभरातच हिमोफिलियाचा आजार असलेला धाकटा भाऊ गेला. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण त्याचा एकलकोंडा, कोणावर न विसंबणारा स्वभाव इथपर्यंत नेऊन जोडतात. असेलही. मला मात्र त्याच्या स्वभावाचं जास्त स्पष्टीकरण त्याच्या शिक्षणात दिसतं.

१३ व्या वर्षी त्याने कार्टिंग सुरू केलं. पुढे गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर, आधी मातीच्या आणि मग डांबरी, तो पळू लागला. सोबत कॉलेज चालू होतं. १९७७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी कॅम्पसमधून त्याने मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. त्याच वर्षी स्लिंगर नावाच्या स्थानिक ट्रॅकचं अजिंक्यपदही घेतलं. त्या काळात स्टॉक कार रेसिंगमध्ये पदवीधर माणूस म्हणजे नवलच होतं. या खेळाची मुळं दक्षिणेकडच्या राज्यांतली. तिथले रेसर शेतात, गॅरेजमध्ये, काही तर चोरट्या दारूच्या वाहतुकीत गाडी चालवायला शिकलेले. सस्पेन्शन कसं लावायचं हे ते अनुभवाने सांगायचे. कुलविकी कागद-पेन्सिल घेऊन बसायचा. ट्रॅकवर तो ब्रीफकेस घेऊन यायचा, याची गॅरेजमध्ये चांगलीच चेष्टा व्हायची.

ट्रक जळाला, तरी निघाला

१९८५ मध्ये त्याने ठरवलं की आता मोठ्या स्पर्धेत उतरायचं. नॅसकारच्या टीमांचा सगळा कारभार नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहराच्या आसपास चालतो. आपल्याकडे ऑटो पार्टचं काही करायचं तर माणूस चाकणला येतो, तसंच. कुलविकीने छोट्या ट्रॅकवरचं आपलं बहुतेक सगळं सामान विकलं. ३० वर्षांचा अविवाहित माणूस, थोडं फर्निचर, हत्यारं आणि ते ओढून न्यायला एक पिकअप ट्रक, एवढंच त्याच्याकडे उरलं.

निघायच्या दोन दिवस आधी वायरिंगला आग लागून तो पिकअप जळाला.

त्याने ओळखीत दुसरा ट्रक उसना घेतला, मागे ट्रेलर जोडला आणि जवळपास १४०० किलोमीटर गाडी हाकत शार्लट गाठलं. तिथे बिल टेरी नावाच्या टीम मालकाने त्याला त्या वर्षी पाच शर्यतींत संधी दिली. पुढच्या वर्षी टेरीने मध्येच हात आखडता घेतला. अशा वेळी चालक दुसरा मालक शोधतो. कुलविकीने स्वतःची टीम काढली.

'एके रेसिंग' हे तिचं नाव. १९८६ मध्ये त्या टीमची एकूण मालमत्ता होती एक गाडी आणि दोन इंजिनं. पूर्णवेळ कामाला दोन माणसं. मालक, चालक, मुख्य मेकॅनिक आणि डावपेच ठरवणारा क्रू चीफ ही चारही पदं एकाच माणसाकडे. मोठ्या टीमांकडे एका हंगामासाठी अनेक गाड्या तयार असत. कुलविकीची गाडी रविवारी ठोकली गेली तर पुढच्या रविवारी तीच दुरुस्त करून उभी करायची. तरीही त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित चालकाचा पुरस्कार त्यालाच मिळाला.

इथे एक वैयक्तिक गोष्ट सांगतो. इंजिनीअरिंगला असताना आमच्या कॉलेजच्या बाहा टीममध्ये मी होतो. बाहा म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः ऑफ-रोड गाडी बांधून पळवायची स्पर्धा. २५ जणांची टीम, एक गाडी, आणि तरी शेवटच्या रात्री कोणता बोल्ट कोणी आवळला यावरून भांडणं. एका माणसाने हे सगळं अंगावर घेऊन, वर गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास पळवायची, हे ऐकायला भारी वाटतं. करणाऱ्याचं काय होत असेल?

कुलविकीचं काय झालं, ते त्याच्या टीममधून सोडून गेलेल्यांच्या रांगेत दिसतं. प्रत्येक काम आपल्याच पद्धतीने झालं पाहिजे हा त्याचा हट्ट असायचा. वेळेचं भान नाही, सुट्टी नाही. सुरुवातीची काही वर्षं माणसं टिकत नव्हती. १९८८ मध्ये पॉल अँड्र्यूज क्रू चीफ म्हणून आला आणि टिकला. तो टिकला म्हणून टीम टिकली, असं म्हणायला हरकत नाही.

उलटी फेरी

६ नोव्हेंबर १९८८ रोजी अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सच्या ट्रॅकवर कुलविकीने आपली पहिली मोठी शर्यत जिंकली. या ट्रॅकवर नॅसकारच्या मुख्य मालिकेची ती पहिलीच शर्यत होती.

जिंकलेला चालक नेहमीच्या दिशेने एक फेरी मारून प्रेक्षकांना हात करतो. कुलविकीने गाडी वळवली आणि उलट्या दिशेने फेरी मारली. त्यामागचं कारणही साधं होतं. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असतं आणि या शर्यती घड्याळाच्या उलट्या दिशेने चालतात. त्यामुळे चालकाची खिडकी कायम मैदानाच्या आतल्या बाजूला राहते, प्रेक्षकांना तो दिसतच नाही. उलटं फिरलं की खिडकी गॅलरीकडे येते. आपल्या पोलिश मुळांवरून त्याने या फेरीला पोलिश व्हिक्टरी लॅप असं नाव पाडलं. पोलंडहून आलेल्या लोकांच्या भोळेपणावर अमेरिकेत तेव्हा विनोद चालत. ते हसं त्याने स्वतःच आपल्या हाती घेतलं. ही फेरी पुढे अनेकांनी मारली, पण तिचं नाव अजून त्याच्याशीच जोडलेलं आहे.

दहा लाख डॉलरला नाही म्हणणं

आता मुख्य मुद्दा.

ज्युनियर जॉन्सन हे नाव नॅसकारमध्ये दंतकथेसारखं. आधी स्वतः मोठा चालक, मग त्याहून मोठा टीम मालक. १९९० च्या हंगामात त्याने कुलविकीला आपली गाडी चालवायला बोलावलं. कुलविकी नाही म्हणाला. हंगाम संपता संपता कुलविकीचा प्रायोजक, झेरेक्स कूलंट, बाहेर पडला. हे हेरून जॉन्सनने पुन्हा विचारलं. या वेळी आकडा होता दहा लाख डॉलर.

प्रायोजक नसलेल्या एकट्या मालक-चालकाला दहा लाख डॉलर. पगार नियमित, गाडी उत्तम, इंजिनाची चिंता दुसऱ्याला. भोसरीत लेथ टाकून बसलेल्या, पेमेंट ९० दिवसांनी येणाऱ्या कोणालाही मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर आलं तर घरचे काय सल्ला देतील?

कुलविकी पुन्हा नाही म्हणाला. त्याला वाटत होतं की मॅक्सवेल हाउस ही कॉफी कंपनी आपल्याला प्रायोजक म्हणून मिळते आहे. बोलणी बरीच पुढे गेली होती. मग जॉन्सनच मॅक्सवेल हाउसकडे गेला आणि तो करार स्वतःच्या दुसऱ्या गाडीसाठी घेऊन आला. कुलविकीच्या हातात ना नोकरी राहिली, ना प्रायोजक.

१९९१ चा हंगाम त्याने कायमच्या प्रायोजकाशिवाय सुरू केला. खाडीयुद्ध चालू होतं, म्हणून डेटोनाच्या पहिल्या मोठ्या शर्यतीत काही गाड्यांवर सैन्यदलांची नावं रंगवली गेली. त्यातली लष्कराच्या नावाची गाडी त्याची. हा आधार एका शर्यतीपुरता होता. त्यानंतर खिशातले पैसे जात राहिले. मार्चमध्ये अटलांटाला एक योगायोग घडला. हूटर्स या रेस्टॉरंट साखळीने ज्या चालकाला पैसे दिले होते, तो शर्यतीला पात्रच ठरला नाही. आपल्याच शहरातल्या शर्यतीत हूटर्सकडे नाव लावायला गाडी नव्हती आणि कुलविकीकडे गाडीवर लावायला नाव नव्हतं. एका शर्यतीचा करार झाला, ती शर्यत बरी गेली, आणि करार लांबला. त्याच ऑगस्टमध्ये ब्रिस्टलची रात्रीची शर्यत त्याने जिंकली.

हे सगळं पुढे शौर्यकथेसारखं सांगितलं गेलं. मला तसं वाटत नाही. अटलांटाला तो दुसरा चालक पात्र ठरला असता, तर एके रेसिंग बहुधा त्याच वर्षी बंद पडली असती आणि दहा लाख डॉलर नाकारणारा तो एक हट्टी माणूस म्हणून विसरला गेला असता. स्वतःच्या मालकीची ही किंमत असते, आणि ती आधी कळत नाही.

१५ नोव्हेंबर १९९२: एका फेरीचा हिशेब

१९९२ मध्ये कुलविकीने ब्रिस्टल आणि पोकोनो इथे शर्यती जिंकल्या. पण सप्टेंबरमध्ये डोव्हरला गाडी ठोकली गेली. सहा शर्यती उरल्या असताना तो आघाडीवरच्या बिल इलियटच्या २७८ गुण मागे होता. इतक्या गुणांची भरपाई सहा शर्यतींत होत नाही, अशीच समजूत होती.

पुढच्या शर्यतींत इलियटच्या गाडीने वारंवार दगा दिला, कुलविकी मात्र सातत्याने गुण गोळा करत राहिला. अटलांटाच्या शेवटच्या शर्यतीला सहा चालकांना अजिंक्यपदाची संधी होती. डेव्ही अ‍ॅलिसन पहिला. कुलविकी त्याच्या ३० गुण मागे. इलियट ४० गुण मागे. आणि इलियट गाडी चालवत होता ज्युनियर जॉन्सनची.

म्हणजे ज्याची नोकरी दोनदा नाकारली, त्याच्याच गाडीशी गाठ.

कुलविकीने गाडीच्या पुढच्या बंपरवर एक गंमत केली होती. थंडरबर्ड या इंग्रजी शब्दातली पहिली दोन अक्षरं काढून टाकली, की अंडरबर्ड उरतं. स्पर्धेतला दुबळा म्हणजे अंडरडॉग, तसा हा अंडरबर्ड. नॅसकार आणि फोर्ड दोघांचीही त्याने रीतसर परवानगी घेतली होती. हेही त्याच्या स्वभावाला धरूनच.

शर्यत ३२८ फेऱ्यांची, ५०० मैलांची. रिचर्ड पेटी या दिग्गजाची ती शेवटची शर्यत होती आणि जेफ गॉर्डन नावाच्या २१ वर्षांच्या मुलाची पहिली. पहिल्याच पिट स्टॉपला कुलविकीच्या गिअरबॉक्समधला पहिला गिअर गेला. दुरुस्तीला थांबलं तर फेऱ्या जाणार आणि सगळं संपणार. मग उरलेली शर्यत प्रत्येक पिट स्टॉपनंतर वरच्या गिअरमध्ये, मागून माणसांनी ढकलून, गाडी बाहेर काढायची. आतले तुटके दात बाकीचे गिअर खाऊन टाकतील ही भीती वेगळीच. २५४ व्या फेरीला अ‍ॅलिसन दुसऱ्याच्या अपघातात सापडला आणि बाहेर गेला. उरले दोघे, इलियट आणि कुलविकी.

आता गणित बघा, कारण ही स्पर्धा गणिताने जिंकली गेली. पहिल्या क्रमांकाला १७५ गुण, दुसऱ्याला १७०. शर्यतीत एक तरी फेरी आघाडीवर राहिलं तर ५ गुण जादा. सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहिलेल्याला आणखी ५. कुलविकी इलियटच्या १० गुण पुढे होता. इलियट पहिला आला, सर्वाधिक फेऱ्याही त्याच्याच झाल्या आणि कुलविकी दुसरा आला, तर इलियटला १८५ आणि कुलविकीला १७५. म्हणजे बरोबरी. बरोबरी झाली तर हंगामात जास्त शर्यती जिंकलेला विजेता, आणि इलियटने कुलविकीपेक्षा जास्त जिंकल्या होत्या. थोडक्यात, कुलविकीला शर्यत जिंकायची गरज नव्हती. त्याला इलियटपेक्षा एक फेरी जास्त आघाडीवर राहायचं होतं.

हा हिशेब पिटमध्ये पॉल अँड्र्यूजची माणसं हाताने करत होती. कुलविकीला ३१० व्या फेरीपर्यंत बाहेर ठेवलं गेलं. ती फेरी पूर्ण झाली तेव्हा त्याच्या आघाडीच्या फेऱ्या इतक्या झाल्या होत्या की उरलेल्या सगळ्या इलियटने पुढे राहून काढल्या तरी तो गाठू शकणार नव्हता. मग गाडी आत आली, वेळ वाचवायला थोडंच पेट्रोल भरलं, आणि ते पुरेल का या धास्तीत पुढच्या फेऱ्या गेल्या. कुलविकीने इलियटचा पाठलाग केला नाही. पेट्रोल वाचवत दुसरा आला.

इलियटने शर्यत जिंकली. त्याच्या आघाडीच्या फेऱ्या १०२. कुलविकीच्या १०३. दोघांनाही १८० गुण, आणि अजिंक्यपद ४०७८ विरुद्ध ४०६८ असं कुलविकीचं. नॅसकारच्या मुख्य मालिकेच्या इतिहासात तोवरचा हा सर्वांत कमी फरक होता. पदवीधर असलेला तो पहिला विजेता ठरला.

गाडी थांबल्यावर अख्खा देश टीव्हीवर त्याच्या बाहेर येण्याची वाट बघत होता. तो आत बसून केस विंचरत होता. विंचरून झाले, मग उतरला. आणि हो, उलटी फेरी त्याने आधीच मारली होती.

१ एप्रिल १९९३

विजेता म्हणून त्याला पाच शर्यती मिळाल्या. सहावी ब्रिस्टलला होती, टेनेसी राज्यात. त्याआधी गुरुवारी संध्याकाळी नॉक्सव्हिलमध्ये हूटर्सचा एक कार्यक्रम उरकून तो कंपनीच्या छोट्या विमानाने ब्रिस्टलकडे निघाला. ब्लाउंटव्हिलजवळ ट्राय-सिटीज विमानतळावर उतरण्याच्या तयारीत असताना विमान कोसळलं. चौघेही गेले. इंजिनात हवा जाण्याच्या मार्गावर साचलेला बर्फ काढण्याची यंत्रणा वेळेवर वापरली गेली नाही, असं चौकशीत निघालं. कुलविकी ३८ वर्षांचा होता.

त्या रविवारी ब्रिस्टलची शर्यत रस्टी वॉलेसने जिंकली आणि गाडी वळवून उलटी फेरी मारली. जुलैमध्ये डेव्ही अ‍ॅलिसनही हेलिकॉप्टर अपघातात गेला. १९९२ च्या त्या शेवटच्या शर्यतीतले दोन मुख्य दावेदार आठ महिन्यांत संपले.

मालक गेल्यावर टीमचं काय होतं?

ज्या टीममध्ये प्रत्येक निर्णय एकच माणूस घेतो, त्या टीमचा वारसदार तयार होत नाही. कुलविकीची ताकद आणि त्याच्या टीमचा दोष एकच होता. त्याला पत्नी नव्हती, मुलं नव्हती, भागीदार नव्हता. काही महिने इतर चालकांना बसवून गाडी पळवली गेली. मग जेफ बोडाइन या चालकाने टीम विकत घेतली. तोही मालक-चालकच. सात नंबरची गाडी त्याने १९९७ पर्यंत चालवली, काही शर्यती जिंकल्याही, पण अजिंक्यपद काही परत आलं नाही.

याच काळात नॅसकारने पिकअप ट्रकची नवी मालिका सुरू केली. ५ फेब्रुवारी १९९५ रोजी तिची पहिली शर्यत झाली, तीही फिनिक्सला, जिथे कुलविकीने पहिली उलटी फेरी मारली होती. मोठ्या मालिकेत कोट्यवधींचे प्रायोजक आल्यावर एकट्या माणसाला तिथे जागा उरली नव्हती. ट्रक मालिकेत खर्च कमी, त्यामुळे मालक-चालक तिकडे वळले. बोडाइननेही तिथे आपली ट्रक टीम उतरवली. नॉर्म बेनिंगसारखे चालक वर्षानुवर्षं स्वतःच्या ट्रकवर, शेवटच्या रांगेतून का होईना, पळत राहिले. काइल बुशने तिथे उभी केलेली टीम सर्वांत यशस्वी ठरली आणि २०२३ मध्ये त्यानेही ती विकली. मुख्य मालिकेत कुलविकीनंतर मालक-चालकाने अजिंक्यपद मिळवायला २०११ उजाडलं. तो टोनी स्टुअर्ट, आणि त्याच्या टीमला जीन हास या यंत्र उद्योजकाची भागीदारी होती. हास कंपनीची सीएनसी मशीन आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच वर्कशॉपवाल्यांना माहीत असतील.

कुलविकीच्या नावावर एकूण २०७ शर्यती आणि फक्त पाच विजय. तरी २०१९ मध्ये त्याला नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. २०१५ पासून त्याच्या नावाने एक योजना चालते. छोट्या ट्रॅकवर धडपडणाऱ्या तरुण चालकांना तीतून दर वर्षी मदत मिळते.

ब्रिस्टलची एक गोष्ट मात्र राहिली. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, २ एप्रिलला शुक्रवारी, ट्रॅकवर पाऊस होता. टीमचं सामान आणि रेसची गाडी वाहून नेणारा मोठा ट्रक आदल्या दिवशीच तिथे पोहोचलेला होता. आता तो घरी न्यायचा होता. ड्रायव्हरने ट्रकच्या जाळीवर काळं पुष्पचक्र बांधलं, आणि गेटकडे न जाता ट्रक ट्रॅकवर घेतला. बाकीच्या टीमांची माणसं काम थांबवून भिंतीपाशी येऊन उभी राहिली. अर्ध्या मैलाच्या त्या ट्रॅकवर अठरा चाकी ट्रक पावसात अगदी हळू फिरला. मग गेटमधून बाहेर पडून शार्लटच्या रस्त्याला लागला.